दिवाळे आणि पत

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेतून समाजाचा इतिहास लिहिण्याची प्रथा जुनी आहे. त्या इतिहासात मठांना जमिनी देणारे, धर्मशाळा बांधणारे आणि मोठ्या पेढ्या चालविणारे पुरुष येतात. ते यावेत हे योग्यच होय. परंतु ज्यांच्या पेढ्या बुडाल्या त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न या पानांतून कोणी विचारल्याचे आमच्या वाचनात नाही. आपला वाणी समाज पिढ्यान्‌पिढ्या उदमावर जगला. उदमात नफा आहे तसा तोटाही आहे, आणि तोट्यापुढची पायरी दिवाळ्याची. ज्या समाजात दुकाने असंख्य, त्या समाजात बुडालेली दुकानेही थोडी नसणार. तेव्हा या उपेक्षित प्रकरणाकडे ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ज्या सावकारास देणे देता येत नसे तो भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसे, अशी चाल गुजरातेत व उत्तर हिंदुस्थानात होती, असे जुन्या वर्णनांतून आढळते. ‘दिवाळे’ हा शब्द त्यावरून आला असे सांगतात. व्युत्पत्तीचा निर्णय पंडितांनी करावा. आम्हास त्यातील आचार लक्षणीय वाटतो. रात्रीच्या अंधारात गाव सोडणारा मनुष्य दिवा लावीत नाही. दिवा लावणारा आपल्या जागेवर बसून राहतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कळवितो की, पेढीत आता काही उरलेले नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘शहाजोग’ हा शब्द आहे. आजच्या मराठीत शहाजोग म्हणजे साळसूदपणाचा आव आणणारा. मूळ अर्थ मात्र हुंडीच्या व्यवहारातला आहे. दर्शनी हुंडी दाखविताच तिचे पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवसांनी. आणि शहाजोग हुंडीचे पैसे केवळ ‘शहा’ला, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्यालाच द्यावयाचे असत. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून ‘रुपये पाचशे, त्याचे निमे अडीचशे, त्याची दुप्पट’ अशा धर्तीवर मजकूर लिहीत. हुंडी गहाळ झाली तर पैठ देत, पैठ गहाळ झाली तर परपैठ. कागदाविषयी इतकी सावधगिरी! परंतु शहा कोण आणि कोण नव्हे, हे मात्र कोठल्याच कागदावर लिहिलेले नसे. ते बाजार जाणत असे. दिवाळे निघाले की मनुष्याचे शहापण जाई. त्याच्या हातची हुंडी कोणी सकारत नसे, त्याला चार दिवसांच्या उधारीवर गुळाची भेली मिळत नसे. हे गेलेले शहापण परत येत असे काय, आणि येत असल्यास कोणत्या वाटेने, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आपल्या भागाचे एक भाग्य असे की, ऋणाविषयीच्या हिंदुधर्मशास्त्राचा सर्वांत मान्य ग्रंथ औशाहून फार दूर नसलेल्या कल्याण नगरीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात लिहिला गेला. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या पदरी असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका रचली. ऋण हे केवळ व्यवहाराचे नव्हे, ते परलोकापर्यंत पाठ सोडीत नाही, अशी शास्त्रकारांची धारणा. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे. पितामहाचे नातवाने फेडावे, परंतु बृहस्पतीच्या मते नातवास व्याजाची सूट. पित्याने मद्यपान, द्यूत यांसाठी केलेले ऋण मात्र पुत्रावर नाही. व्याज साचून मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियमही याच परंपरेतला. याच शास्त्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फेडण्याचे सामर्थ्य नसलेल्या ब्राह्मणाने प्राप्तीप्रमाणे हळूहळू फेडावे, आणि हीन जातीच्या ऋणकोकडून मात्र अंगमेहनत करून घ्यावी, असा भेद त्यात आहे. सावकाश फेडण्याची मुभा ही मोठी सवलत होय. ती कोणास मिळे आणि कोणास मिळत नसे, हे विसरून या विषयाचा इतिहास लिहिता येणार नाही.

त्याच कल्याणात पुढे काही दशकांनी महात्मा बसवेश्वर बिज्जलाचे भांडारी होते. भांडारातील द्रव्य ते जंगमांवर उधळतात अशी चहाडी राजाकडे झाली, तेव्हा त्यांनी भांडार उघडून हिशेब पुढे ठेवला आणि ते भरलेले निघाले, अशी कथा बसवपुराणात आहे. भाविक तिच्यात चमत्कार पाहतात. आम्ही शाळेत ती कथा सांगताना मुलांना एवढेच विचारीत असू की, किल्ली मागताच ज्याने ती काढून दिली त्याच्याविषयी राजाच्या मनात काय आले असेल?

दिवाळे निघालेल्या दुकानदारांत महाराष्ट्रात सर्वांत ज्ञात असलेले नाव देहूच्या तुकोबांचे. जातीने कुणबी, धंद्याने वाणी. घरी महाजनकी आणि सावकारी. १६३०-३१ च्या सुमारास जो भयंकर दुष्काळ पडला त्यात गुरे गेली, ज्येष्ठ पत्नी रखुमाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला आणि दुकान बसले. महिपतीबोवांनी अठराव्या शतकात जे चरित्र लिहिले त्यात या दिवाळ्याचे वर्णन एखाद्या व्यापाऱ्याच्या बारकाईने आले आहे. आप्तमित्रांनी प्रथम साह्य केले, पुन्हा केले, आणि मग हात आखडता घेतला. तेव्हा द्वितीय पत्नी जिजाई यांनी स्वतःच्या जबाबदारीवर दोनशे रुपयांचे कर्ज उभे करून दिले. तुकोबा त्या भांडवलावर मीठ घेऊन गेले व दोनशेचे अडीचशे करून परत निघाले. वाटेत सावकाराच्या माणसांनी धरून नेलेला एक ऋणको ब्राह्मण भेटला. ती रक्कम त्याच्या सुटकेसाठी देऊन ते रिकाम्या हाताने घरी आले.

कीर्तनकार ही कथा तुकोबांच्या वैराग्यासाठी सांगतात आणि जिजाईंना कर्कशा ठरवून श्रोत्यांस हसवितात. आम्हास ते पटत नाही. ज्या घरच्या पुरुषास बाजार उधार देत नव्हता, त्या घरच्या स्त्रीच्या शब्दावर दोनशे रुपये मिळाले, ही साधी गोष्ट नव्हे. घराची पत त्या दिवसांत जिजाईंच्या नावावर उभी होती. आपल्या समाजातही बुडालेली दुकाने पुन्हा उघडली गेली ती कित्येकदा बायकांच्या पुतळ्या-पाटल्यांवर. परंतु वंशावळीत त्यांची नावे सापडत नाहीत. पुढे तुकोबांनी घरातील खतांचे दोन वाटे केले, निम्मी खते बंधू कान्होबांस दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ती खते लोकांकडून यावयाच्या रकमांची होती. स्वतःचे देणे बुडविणे निराळे आणि स्वतःचे येणे बुडविणे निराळे. हा फरक श्रोत्यांच्या ध्यानात नेहमी येतोच असे नाही.

खते नष्ट केल्याने ऋणकोची पत वाढत नाही, हे पुढे दोन-अडीचशे वर्षांनी दिसून आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणे-नगर भागात पसरला. त्यांचा संताप अकारण नव्हता. सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा केला. त्याने कर्जापायी शेतकऱ्यास कैदेत टाकण्याची पद्धत बंद झाली, हे मोठे कार्य झाले. नादारीची सोयही त्या कायद्यात होती. पण नादार ठरलेल्यास पुढच्या पेरणीचे बी कोण देणार? तो प्रश्न कायद्याने सोडविला नाही, आणि ती सोय कागदावरच राहिली.

आता आपल्या निजामशाही मुलखाकडे वळू. येथे खुद्द राज्याचेच दिवाळे निघण्याची पाळी आली होती, हे आजच्या तरुणांस ठाऊक नसते. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी या नावाची पेढी होती. दिवाण चंदुलाल यांच्या काळात सरकारने तिच्याकडून शेकडा २४-२५ पर्यंतच्या व्याजाने कर्जे काढली. रेसिडेंट मेटकाफ याने हा व्यवहार हाणून पाडला आणि १८२४ साली पेढी स्वतःच बुडाली. पण राज्याची ओढाताण संपली नाही. फौजेचे पगार थकत, ते भागविण्यासाठी महालांचे वसूल अरब व पठाण जमादारांकडे आणि सावकारांकडे गहाण पडत, आणि गहाण पडलेल्या महालांतून रयत पिळून निघे. कंपनी सरकारच्या कंटिंजंट फौजेचे देणे तुंबले. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे लावून द्यावा लागला. म्हणजे आपल्या परिसरानेच कर्जापायी धनी बदलला.

त्याच वर्षी सालारजंग हे अवघ्या चोविसाव्या वर्षी दिवाण झाले. त्यांनी केलेल्या सुधारणांचे वर्णन इतिहासाच्या पुस्तकांत सापडेल. आम्ही वाण्याच्या नजरेने दोनच गोष्टी सांगतो. पगार आणि हप्ते ठरल्या दिवशी देण्याचा क्रम त्यांनी सुरू केला, आणि जमा-खर्च एका खजिन्यात आणला. गहाण पडलेले महाल एकेक करून सोडविले. १८६० च्या तहाने पन्नास लाखांचे देणे रद्द झाले आणि धाराशिव व रायचूर हे भाग परत आले. वऱ्हाड मात्र परत आले नाही. १८५७ च्या धामधुमीत सालारजंगांनी इंग्रजांचा पक्ष धरला, त्याचे हे फळ होते यात शंका नाही, आणि त्या निष्ठेविषयी आमचे मत काही निराळे आहे. तथापि ज्या दरबारावर सावकार विश्वास ठेवीत नव्हते त्या दरबाराची पत एका मनुष्याच्या नियमितपणाने वर आली, हे नाकारता येत नाही.

त्यानंतर पाचच वर्षांत मुंबईने दिवाळ्यांचा महापूर पाहिला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून आपल्याकडील कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका झाला की समुद्र बुजविण्याच्या कंपन्यांचे भागही लोकांनी वेड्यासारखे घेतले. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या सौदेपूर्तीच्या दिवशी भले भले आडवे झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा सट्टेबाजारचा राजा त्यात गेला. ज्या राजाबाई टॉवरसाठी त्यांनी आधीच देणगी दिली होती तो १८७८ साली पुरा झाला, तेव्हा दात्याचे वैभव ओसरून बराच काळ लोटला होता.

त्याच वेळी जमशेटजी टाटा हे पंचविशीतील तरुण लंडनला होते. पित्याच्या भागीदारीच्या पेढीचे कापसाचे कागद घेऊन ते तेथे गेले होते. हाती असलेले कागद एकाएकी रद्दी झाले. परमुलूख, परकी भाषा, समोर इंग्रज बँकवाले. अशा वेळी मनुष्य पहिल्या आगबोटीने निघून येतो. जमशेटजींनी धनकोंच्या पुढे आपले सर्व हिशेब उघडे ठेवले आणि काय आहे, काय नाही ते सांगून टाकले. परिणाम असा झाला की, धनकोंनी पेढीचा कारभार गुंडाळण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले, आणि महिना वीस पौंड वेतन ठरविले. बुडालेल्या पेढीचा मुलगा तिच्याच धनकोंचा कारभारी व्हावा, याहून मोठे प्रशस्तिपत्र व्यापारात कोणते? पुढे ॲबिसिनियाच्या मोहिमेत पुरवठ्याचे कंत्राट मिळून पिता नसरवानजी सावरले, १८६९ साली चिंचपोकळीची तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली गेली, आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास एम्प्रेस मिल उघडली. लोक टाटांच्या चरित्रातील पोलाद आणि वीज सांगतात. आम्ही वाण्याच्या मुलांना लंडनमधील ते महिने सांगावेत, या मताचे आहोत.

आता लातूरच्या गंजाविषयी. लोकमान्य टिळकांनी १८९१ च्या सुमारास भागीदारीत येथे सरकी काढण्याचा कारखाना घातला होता. १९११ साली बार्शी लाईट रेल्वे कुर्डुवाडीहून लातुरास पोहोचली, आणि तूर, हरभरा, कापूस, करडई यांचा माल त्या अडीच फुटी रुळांवरून बाहेर जाऊ लागला. १९१७ सालापासून सोळा रस्त्यांची गंजगोलाई आकारास आली. औसा, निलंगा, उदगीरकडील आपले कित्येक लोक तेथे आडत करू लागले. आडत्याचे सारे भांडवल म्हणजे जीभ. शेतकऱ्यास माल येण्यापूर्वी उचल द्यावयाची, सोलापूर-मुंबईच्या खरीददारास माल गेल्यावर उधार ठेवावयाचा, आणि मध्ये आपण उभे राहावयाचे. त्यात नाण्याची भानगड. मुलखात हाली शिक्का, बाहेर कलदार. शंभर कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. देणे कलदारात आणि येणे हालीत असलेल्या मनुष्याला मंदी दुप्पट लागे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले, तेव्हा गंजात जी दुकाने बसली त्यांपैकी एकाची हकीकत आम्ही आमच्या आजोबांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. घराण्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते आज सुस्थितीत आहे. दुकानदाराने हुंडी परत फिरताच त्याच दिवशी धनकोंची बैठक बोलाविली. रोजकीर्द, खतावणी आणि उधारीची वही सतरंजीवर मांडली. पंच नेमले गेले. कोठारातील पोती मोजली, बैल-गाडी धरली, आणि हिशेब रुपयास सहा आण्यांवर बसला. धनकोंनी सहा आणे घेऊन फारखती लिहून दिली. कायद्याने आणि रिवाजाने प्रकरण तेथे मिटले.

दुकानदार औशास परत आला आणि आठवडी बाजारात मीठ-मिरची-गूळ घेऊन बसू लागला. तीन वर्षे त्याने एका पैशाचा माल उधार घेतला नाही. घेणे शक्यही नव्हते. चौथ्या वर्षी गंजातील एका व्यापाऱ्याने, जो पूर्वी त्याचा धनको होता त्याने, आठ दिवसांच्या बोलीवर अर्धे पोते जिरे दिले. त्याचे पैसे सातव्या दिवशी पोचले. पुढच्या खेपेस पोते पुरे झाले. एवढ्यावर कथा संपली असती तर आम्ही ती येथे सांगितली नसती. फारखती हातात असताना, दर दिवाळीच्या पाडव्याला हा गृहस्थ लातुरास जाई आणि उरलेल्या दहा आण्यांपैकी जमेल ते देऊन येई. त्यातही क्रम होता. प्रथम हमाल आणि तोलार यांची थकलेली मजुरी. मग विधवांनी ठेवलेल्या ठेवी. पेढीवाले सर्वांच्या शेवटी. असे सुमारे पंधरा वर्षे चालले. १९४७-४८ च्या रझाकारी धामधुमीत गंजातील कित्येक व्यापारी बार्शी-सोलापूरकडे निघून गेले होते. एका जुन्या धनकोचे पैसे तर त्याने बार्शीस जाऊन पोचविले. शेवटची रक्कम दिली गेली तेव्हा पोलीस कारवाई होऊन गेली होती आणि हाली शिक्क्याचे दिवस भरत आले होते. आजोबा सांगत, त्या पाडव्याला पेढीवाल्याने त्याला खाली सतरंजीवर न बसविता गादीवर लोडाशेजारी बसविले.

सर्वच दिवाळी अशी प्रामाणिक नसत. माल रातोरात सासुरवाडीस हलवून मग हात वर करणारे होते. बापाचे दिवाळे काढून मुलाच्या नावाने शेजारच्या गल्लीत नवी पाटी लावणारे होते, आणि त्यांतील काहींनी पुढे मठास देणग्या देऊन स्मरणिकांत छायाचित्रेही छापून घेतली. बाजार सारे जाणून होता. आणि एक गोष्ट कटू असली तरी लिहिलीच पाहिजे. ज्याला जिऱ्याचे अर्धे पोते मिळाले त्याला ते मिळण्याचे एक कारण तो जातीचा, नात्यागोत्याचा, लग्नकार्यात पंक्तीला बसणारा होता, हे होय. त्याच गंजात पाठीवर पोती वाहणाऱ्या मातंग किंवा महार हमालाने आयुष्यभर चोख व्यवहार केला तरी तो शहा होत नव्हता. त्याच्याजवळ गमावण्यासाठी पतच नव्हती; होते ते सालाचे कर्ज, आणि ते फिटत नसे. आपल्या पुष्कळ पेढ्यांचा पाया तशा कर्जांवर घातलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या औसा तालुक्यातील किल्लारीस भूकंप झाला. अनंत चतुर्दशी नुकतीच झाली होती. गणपती पोचवून लोक दमून झोपले होते. सुमारे दहा हजार माणसे गेली आणि बावन्न गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली. आम्ही त्या वेळी तालुक्यात शिक्षक होतो आणि मदतकार्यासाठी काही आठवडे तिकडे होतो. दगड-मातीच्या भिंतींखाली माणसांबरोबर दुकानांच्या वह्याही गेल्या. लहान दुकानदार एका रात्रीत दोन्ही बाजूंनी बुडाला: घाऊकवाल्याचे देणे उरले आणि गिऱ्हाइकांकडील येण्याचा पुरावा उरला नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या एका दुकानदाराकडे गावातील एक विधवा आली आणि म्हणाली, “अप्पा, आमच्या मालकाची तीनशे चाळीस बाकी हाय तुमच्याकडं. लिहून घ्या.” दुकानदाराजवळ लिहिण्यास काही नव्हते. आम्ही शाळेसाठी आलेल्या वह्यांतील एक दुरेघी वही त्यास दिली. तो ‘राहू द्या, बाई’ असे म्हणत होता. ती ‘लिहा’ म्हणत होती. त्या वहीची नंतर सात-आठ पाने भरली. जे आले नाहीत तेही होते, त्यांची गणना आम्ही केली नाही. लातूरच्या काही घाऊक व्यापाऱ्यांनी या दुकानदारांस पहिली बाकी बाजूला ठेवून नवा माल भरून दिला, हेही पाहिले.

कायद्याने यापुढे पुष्कळ मजल मारली आहे. मोठ्या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर मुलखासाठी १९२० चा नादारीचा कायदा. या दुसऱ्यात नादारीच्या अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये लिहिलेली आहे. आपल्या राज्यघटनेप्रमाणे मुक्तता न झालेला नादार लोकसभा-विधानसभेचा सभासद होऊ शकत नाही. प्रामाणिकपणे असमर्थ असलेल्या ऋणकोस तुरुंगात टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ठरविले. बापाच्या कर्जासाठी केवळ पुत्रधर्म म्हणून मुलास धरण्याची विज्ञानेश्वरकालीन जबाबदारी २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्ती कायद्याने नव्या कर्जांपुरती संपली. वारशाने आलेली मिळकत मात्र धनकोस धरता येते. २०१६ साली दिवाळखोरीची नवी संहिता झाली. तिच्यातील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच लागू करण्यात आला. म्हणजे आपल्या गल्लीतील किराणा दुकानदारास आजही १९२० च्या कायद्याचेच दार आहे. त्या दाराशी जाणारे थोडे. बहुतेक प्रकरणे तडजोडीने मिटतात.

तडजोडीची नोंद आता बाजाराच्या स्मरणात न राहता मुंबईच्या सिबिल या संस्थेत राहते. ती २०००मध्ये निघाली. आता तशा चार संस्था आहेत. ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा एक आकडा मनुष्याची पत सांगतो. बँकेने काही रक्कम सोडून खाते मिटविले तर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. तीच आपली सहा आण्यांची फारखती. नोंदी निदान सात वर्षे ठेवल्या जातात. आपल्या तरुणांस हे ठाऊक नसते की, प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चुकीची नोंद तक्रारीनंतर तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आणि सोडलेली रक्कम पुढे भरून बँकेकडून ‘बाकी नाही’ असे पत्र घेतले तर तो शेरा बदलून मिळविता येतो. सोन्यावर किंवा मुदतठेवीवर लहानसे कर्ज काढून त्याचे हप्ते चोख भरणे, हे आजचे जिऱ्याचे अर्धे पोते आहे. हा आकडा पाडव्याला गादीवर बसवीत नाही, हे खरे. परंतु तो जातही विचारीत नाही. गंजातील हमालाच्या नातवाला आज तो आपल्या मुलांच्या बरोबरीने मिळतो, आणि कधी कधी अधिकही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या ज्ञातीतील काही दुकाने बंद झाली. पूर्वी ज्यांची वर्गणी नेमाने येत असे अशी कित्येक नावे सभासदांच्या यादीतून गळली आहेत, आणि वधूवर सूचीतून त्यांच्या मुलांची स्थळेही. त्यांना कोणी काढले नाही. ते स्वतः येईनासे झाले, आणि आपण विचारले नाही. या वर्षी यादी छापण्यापूर्वी कार्यकारी मंडळाने वर्गणीची अट न घालता त्या घरी माणूस पाठवावा, अशी आमची विनंती आहे.

दुसरी विनंती इतिहासाच्या दृष्टीने. औसा, लातूर, निलंगा, उदगीर येथील ज्या घरांत जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता आमच्याकडे पाहण्यास द्याव्यात. मोडी आम्हास वाचता येते. नक्कल करून वही परत करू. चालत्या पेढ्यांच्या वह्या लोक लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडतात, म्हणून त्यांतील काही टिकल्या आहेत. बुडालेल्या पेढ्यांच्या वह्या घरच्यांनी लाजेने जाळल्या, किंवा आडात टाकल्या. त्यांतील एखादी कोणाच्या माळवदावर राहिली असेल तर ती आम्हास अधिक हवी आहे.